मागच्या नळाचं पाणी

आमच्या घरी ते पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा आईनं पाट मांडला, ताट वाढलं, शेजारी तांब्या-भांडं ठेवलं. त्यांनी भांडं उचललं ते तोंडाशी न नेता नाकाशी नेलं. मग खाली ठेवून अगदी अदबीनं विचारलं, "वहिनी, पाणी कुठलं?"

"माठातलं," आई म्हणाली.

"माठात कुठून आलं?"

"विहिरीतून."

"विहीर कुणाची? वर झाड कसलं आहे? आणि पोहऱ्याची दोरी वाळत कुठं घालता?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. आमच्या चार पिढ्या धार संस्थानच्या दफ्तरात कारकुनी करत आलेल्या, पण घरच्या पाण्याची अशी उलटतपासणी कुणी घेतली नव्हती. तिनं मुकाट्यानं पाणी चुलीवर चढवलं. उकळी फुटून पाणी निवेपर्यंत पाहुणे मांडीवर हात ठेवून बसून राहिले. तोवर वरण निवलं, भात निवला, आणि आईचा चेहरा तेवढा तापला. ते गेल्यावर ती म्हणाली, "पुन्हा त्यांना जेवायला बोलावशील तर विहीरसुद्धा त्यांचीच घेऊन यायला सांग."

आम्ही सगळे त्यांना मिस्त्री म्हणत असू. सुतारकाम नाही की गवंडीकाम नाही. आमच्या फिरत्या दवाखान्याची मोटार चालवणं, ती दुरुस्त करणं आणि दवाखान्याचं पाणी सांभाळणं ही त्यांची कामं. पहिली दोन ते हातानं करत आणि तिसरं जिवानं.

मी त्या दवाखान्यात नर्स होते. संस्थानं नुकतीच विलीन झाली होती आणि राजेलोकांच्या कितीतरी वस्तू सरकारजमा होऊन भलभलत्या कामाला लागल्या होत्या. आमचा दवाखाना ही त्यातलीच एक. मोटारीच्या मागं जोडून ओढून न्यायची ती एक लाकडी खोली होती, चार चाकांवरची, कुण्या राजेसाहेबांनी शिकारीच्या मुक्कामासाठी हौसेनं करवून घेतलेली. आत दोन बाक, शिसवी कपाटं, तोंड धुवायचं बेसिन, स्वयंपाकाचं छोटं टेबल, आणि एका बाकाखाली पाण्याची मोठी जस्ती टाकी. सरकारनं तिला पांढरा रंग फासला, दारावर लाल क्रॉस काढला आणि झाला फिरता दवाखाना. आम्ही तिला डबा म्हणत असू.

डब्याबरोबर देवासहून मिस्त्री आले. देवासला तेव्हापर्यंत एकाच गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार, दोन मोटारखाने. मिस्त्रींनी दोन्हीकडं नोकरी केलेली. "मी दोन्ही पात्यांचं पाणी प्यायलोय," असं ते सांगत, आणि त्यात बढाईपेक्षा धोक्याची सूचना जास्त असे.

त्यांना मिशी नव्हती. मराठा माणूस, दरबारची नोकरी, पन्नाशी उलटलेली, आणि ओठ कोरा! बाजारात लोक मागं कुजबुजत. मी एकदा न राहवून विचारलंच.

"मिशी वास धरते, बाई," ते म्हणाले. "तेल धरते, तंबाखू धरते, कालची भाजी धरते. नळाखाली नाक नेलं की आधी मिशीचाच वास. मग पाण्याचा वास कोण घेणार, तुम्ही?"

पान-तंबाखूही त्यांनी याच कारणासाठी सोडली होती. मला ते कारण वेडेपणाचं वाटलं आणि पटलंही. मिस्त्रींच्या बाबतीत हे दोन्ही एकदम होत असे.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपल्यात म्हणतात. मिस्त्री म्हणत, "ऋषीचं तुम्ही बघून घ्या. नदीचं मूळ मी विचारणार. सरकार मला पगार त्याचाच देतं." आणि विचारतही. कुठल्याही खेड्यात डबा थांबला की डॉक्टर पाटलाला रोगी किती ते विचारत, आणि मिस्त्री पाटलिणीला, गुरं पाणी कुठं पितात ते. पुष्कळदा रोगाचं उत्तर मिस्त्रींनाच आधी मिळे.

दर दौऱ्याआधी टाकी धुवायची, आणि तो सोहळा दोन दिवस चाले. उरलंसुरलं पाणी सोडून द्यायचं, टाकी आतून काथ्यानं घासायची, गाळ फडक्यानं टिपून काढायचा. मग बादलीत ब्लीचिंग पावडर कालवायची. पावडरीचे डबेसुद्धा ते नाकानं तपासत. झाकण सैल राहिलेल्या डब्यातली पावडर मेलेली असते, तिनं पाणी नुसतं पांढरं होतं, असं त्यांचं म्हणणं. बादलीतला गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळ तेवढी टाकीत घालायची आणि टाकी काठोकाठ भरायची.

इथवर कुणीही करील. मिस्त्री खरे दिसत ते यापुढं. ते एकेका नळाशी उकिडवे बसत, नळ सोडत, डोळे मिटून नाक लावत, आणि पावडरीचा वास येईपर्यंत जागचे हलत नसत. वास आला की तो नळ बंद आणि पुढचा सुरू.

"टाकी सगळेच धुतात, बाई," ते म्हणत. "टाकी दिसते ना! नळी दिसत नाही. म्हणून सगळं पाप नळीत बसतं."

असं वासाचं पाणी टाकीत आणि नळ्यांत चार प्रहर कोंडून ठेवायचं. मग ते सगळं सोडून द्यायचं, दोनदा चांगल्या पाण्यानं खळबळून काढायचं आणि तेव्हा कुठं प्यायचं पाणी भरायचं. त्या चार प्रहरांत मिस्त्री तिन्ही नळांना लिंबाच्या डहाळ्या बांधत. डहाळी दिसली की नळाला हात लावायचा नाही. आणि कुणी विचारलं तर सांगत, "टाकी बाहेर बसलीय."

एकदा इंदूरहून तपासणीला एक मोठे साहेब आले होते. उन्हाळ्याचे दिवस, घशाला कोरड. त्यांनी डब्यात शिरून बेसिनच्या नळाला हात घातला, तो मिस्त्री आडवे झाले. "साहेब, टंकी बाहर बैठी है. कल नहाके अंदर आयेगी." साहेबांनी खिडकीतून वाकून बाहेर कोण बसलंय ते पाहिलं. मला धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेब गेल्यावर मी मिस्त्रींना फाडफाड बोलले, की बायकांच्या गोष्टींची अशी चारचौघांत थट्टा करतात का?

"थट्टा कुठली?" ते खरोखरच बुचकळ्यात पडले. "तुम्हाला कुणी शिवत नाही म्हणून तर तुम्हाला चार दिवस टेकायला मिळतं. बिचाऱ्या टाकीला मी एक दिवस मागितला, तर सगळे भांडी घेऊन दारात!"

मी हसले. आणि पुढं मीही तेच म्हणू लागले, फक्त साहेब लोक नसताना.

डब्याचा तिसरा नळ मागं होता, बाहेरच्या अंगाला, पायरीच्या वर. आतले दोन नळ खाशा मंडळींसाठी आणि हा नोकरांसाठी, अशी राजेसाहेबांच्या काळची वाटणी. आता आतल्या नळांवर मी आणि डॉक्टर हात धूत असू, आणि मागच्या नळावर रोगी औषधाच्या गोळ्या घेत. मिस्त्रींचा नियम असा, की धुतलेल्या टाकीचं पहिलं भांडं मागच्या नळाचं, आणि ते ज्यानं टाकी धुतली त्यानंच प्यायचं. त्याआधी दुसऱ्या कुणाला थेंब नाही. ते भांडं भरत, वास घेत, एक घोट तोंडात घोळवत, गिळत, आणि मग जगाला पाणी प्यायची परवानगी देत.

हा नियम आला कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, मोटारीचं चाक बदलता बदलता. शिकारीच्या एका मुक्कामाला त्यांनी टाकी धुतली, आतल्या दोन नळ्या धुतल्या आणि मागची तशीच ठेवली. घाई होती, आणि मागच्या नळावर पिणार कोण, तर आपलीच माणसं. बेसिनच्या नळाचं पहिलं भांडं ते स्वतः प्यायले. मागच्या नळाचं पहिलं भांडं प्यायला त्यांचा धाकटा भाऊ. तो मुदपाकखान्यात होता. तिसऱ्या दिवशी तो गेला.

"आतले सगळे ठणठणीत," मिस्त्री म्हणाले. "टाकी एकच होती, बाई." मग त्यांनी चाकाचे नट आवळले आणि पाना पुसून पेटीत ठेवला.

भावाची बायको आणि मुलगी देवासला होत्या. मिस्त्रींनी स्वतः लग्न केलं नाही. त्यांच्या पगारावर ते देवासचं घर चाले आणि पुतणी शाळेत जाई. मी सांगतेय त्या वर्षी संस्थानांतून आलेल्या जुन्या नोकरांची छाननी सुरू होती. वय झालेल्यांना घरी पाठवत होते, पण ज्याच्या नावावर डाग नाही त्याला दोन वर्षं वाढवून देत होते. मिस्त्रींचे कागद वर गेलेले. दोन वर्षं मिळाली की पुतणी मॅट्रिक होऊन मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाईल, एवढाच त्यांचा बेत होता. आम्हा सगळ्यांना तो पाठ होता, कारण दुसरं काही ते स्वतःसाठी मागतच नसत.

आणि त्या बेतावर पाणी ओतलं ते मी.

नवरात्र होतं. डही गावाच्या पलीकडं नर्मदेकाठच्या खेड्यांत पटकीची साथ लागल्याची खबर आली. दसऱ्याला पहाटे निघायचं ठरलं. मिस्त्रींनी टाकी धुऊन, भरून, पहिलं भांडं पिऊन तयार ठेवली. आदला दिवस खंडेनवमीचा. आमच्याकडं त्या दिवशी शस्त्रांची, अवजारांची, वाहनांची पूजा होते, तेव्हा मोटारीची आणि डब्याचीही करायची ठरली. मी झेंडूच्या माळा घातल्या, चाकांना कुंकू लावलं. आईनं माझ्याजवळ गडूभर नर्मदेचं पाणी दिलं होतं. तिची मैत्रीण पंधरा दिवसांपूर्वी नर्मदास्नान करून आली होती, तिनं आणलेलं.

चार शिंतोडे मोटारीवर उडवले, चार डब्यावर. गडूत अर्ध्याहून जास्त उरलं. नर्मदेचं पाणी, ओतायचं कुठं? पायदळी जाता कामा नये. मिस्त्री मोटारीखाली आडवे झालेले. मी डब्यात गेले, बाकाची फळी उचलली, टाकीचं झाकण काढलं आणि गडू तुळशीच्या पानासकट आत उपडा केला. वर हातही जोडले. म्हटलं, माई, एवढ्या आजारी माणसांकडं चाललोय, यश दे.

नर्सिंगची परीक्षा पास झालेली मी! जंतूंची चित्रं न बघता काढून दाखवली असती. पण नर्मदेच्या पाण्यात जंतू असतात असं पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, आणि आईनं जन्मभर उलटंच सांगितलं होतं. मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं.

दसऱ्याला उजाडता उजाडता मी दवाखान्याच्या आवारात आले, तर डब्याचे तिन्ही नळ धो धो सोडलेले. आवारात चिखल. मिस्त्री पायरीवर बसून वाहतं पाणी बघत होते. निघण्यापूर्वी झाकण काढून आत एकदा बघायची त्यांची सवय होती, हे मला माहीत असायला हवं होतं.

डॉक्टर धावत आले. ते तरुण, इंदूरचे, हिंदी बोलणारे. कामाला उजेड बघायचे नाहीत की अंधार, पण राग नाकाच्या शेंड्यावर.

"मिस्त्री! ये क्या कर रहे हो?"

"टंकी खाली कर रहा हूँ, साहेब."

"वहाँ लोग मर रहे हैं!"

"इसीलिए, साहेब."

"अरे, पर पानी को हुआ क्या?"

मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "ढक्कन मुझसे खुला रह गया. उसमें कचरा गिरा. गलती मेरी."

डॉक्टर म्हणाले, रिकामीच टाकी घेऊन चला, पाणी तिकडंच भरू. मिस्त्री म्हणाले, "वहाँ का पानी ही तो बीमार है, साहेब." डॉक्टरांनी कपाळावर हात मारला, कुणाची तरी जीप मिळवली, औषधांच्या पेट्या तीत भरल्या आणि पुढं निघून गेले. जाण्यापूर्वी टेबलाशी उभ्या उभ्या त्यांनी मिस्त्रींविरुद्ध अहवाल लिहिला आणि मोठ्या साहेबांकडं धाडून दिला. कामात हयगय, साथीच्या वेळी एक दिवसाचा खोळंबा. छाननीच्या ऐन मोसमात असा कागद म्हणजे काय, ते आवारातल्या माळ्यालाही कळत होतं.

आणि मी? मी तिथंच उभी होते. गडूचं नावही काढलं नाही. नवी नोकरी, घरात माझाच पगार, वगैरे कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी मी नुसती भ्याले होते.

मिस्त्रींनी टाकी पुन्हा घासली, पावडर घातली, नळांना डहाळ्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. रस्ताभर ते मोटार हाकत होते आणि मी त्यांच्या शेजारी. ते नेहमीसारखे रस्त्याच्या कडेच्या विहिरींना नावं ठेवत होते आणि मी हूं हूं करत होते.

डहीच्या पुढं आमचा मुक्काम पडला. तिथले दिवस सांगत बसत नाही. माणसं खाटेवर घालून आणत, आणि मीठ-साखरेचं पाणी पाजता पाजता हात भरून येत. साथीच्या गावात मिस्त्री प्यायच्या पाण्यातही पावडरीची थोडी निवळ घालत, आणि डब्याच्या मागच्या नळाशी रांग लागे. "इना पाणी में वास आवे," असं कुणी म्हणालं की मिस्त्री खूष होऊन सांगत, "आवे, आवे! वास है तो जान है."

चौथ्या दिवशी एक म्हातारी पायरीवर टेकली होती. मी तिला सहज विचारलं, पाणी कुठलं पिता? मिस्त्रींची सवय मला लागली होती.

"नरबदा माय को, बाई," ती म्हणाली. "घाट सी लावां." आणि तिनं घाटाचं नाव सांगितलं.

तोच घाट. आईच्या मैत्रिणीनं आमच्या ओटीवर बसून ज्याचं तासभर कौतुक केलं होतं, जिथून तो गडू भरून आणला होता, तोच. त्या घाटावरचं अर्धं गाव आमच्या डब्यापुढं खाटांवर पडलं होतं. ते पाणी मी मागच्या नळाच्या टाकीत ओतलं होतं, हात जोडून.

मिस्त्री पितळी भांडी उकळत्या पाण्यातून काढून पालथी घालत होते. मी जाऊन समोर उभी राहिले.

"मिस्त्री, खंडेनवमीला टाकीत पाणी मी ओतलं. नर्मदेचं होतं."

"हौ. माहीत आहे."

"कसं?"

"तुळशीचं पान काय वाऱ्यानं आलं? आणि झाकणावर कुंकवाची पाच बोटं होती. माझ्या बोटाला कुंकू नसतं, डॉक्टरसाहेबांच्याही नसतं."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"तुमची नोकरी नवी आहे. जुनं भांडं पोचे सोसतं, बाई."

"आणि तुमची दोन वर्षं? पुतणीचं ट्रेनिंग?"

त्यांनी हातातलं भांडं बराच वेळ पुसलं. त्या भांड्यात पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग म्हणाले, "मला सांगितलंत, ही टाकी धुतलीत. नळी राहिली."

संध्याकाळी मी डॉक्टरांपुढं उभी राहिले आणि सगळं सांगितलं, घाटाच्या नावासकट. त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. मला वाटलं आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. नुसतंच विचारलं, "उसी घाट का?" आणि बाहेरच्या खाटांकडं पाहिलं.

"रिपोर्ट तो जा चुकी है," मग ते म्हणाले.

"मग दुसरा जाऊ दे," मी म्हटलं. "माझ्या सहीचा."

मी लिहिलं, की टाकी बिघडवली ती मी आणि मिस्त्रींनी दोष उगाच अंगावर घेतला. खाली डॉक्टरांनी आपल्या हातानं दोन ओळी घातल्या: हे पाणी ज्या घाटाचं, तिथलीच ही साथ. त्या सकाळी टाकी ओतली नसती तर दवाखान्यानंच गावोगाव रोग वाटला असता.

धारला परतल्यावर मिस्त्रींनी मला शिक्षा दिली. ते स्टूल घेऊन सावलीत बसले आणि अख्खी टाकी माझ्याकडून धुऊन घेतली. काथ्या, गाळ, निवळ, तिन्ही नळ, सगळं. दुसऱ्या दिवशी, डॉक्टर आणि दारातले रोगी बघत असताना, मागच्या नळाचं पहिलं भांडं माझ्या हातात दिलं. मी वास घेतला, घोट तोंडात घोळवला, प्यायले.

"काय?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे, मिस्त्री."

"मग द्या लोकांना."

आईला मी सारी हकीकत सांगितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "नर्मदेला नावं ठेवू नयेत." पण त्यानंतर घरातला नर्मदेचा गडू देवघरातून हलून चुलीच्या कडेला आला, चांगलीच धग लागेल अशा बेतानं. आईच्या मानानं ही क्रांतीच होती.

मिस्त्रींना दोन वर्षं मिळाली. माझ्या नोकरीच्या पुस्तकात तांबड्या शाईचा शेरा पडला. पुढं इतकी वर्षं नोकरी केली, तेवढा एकच. मी निवृत्त होताना कारकून दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, म्हणाल तर ते पान बदलता येईल." म्हटलं, "हात तर लावून बघ."

दोन वर्षं संपली तशी मिस्त्री देवासला गेले. त्या दसऱ्यानंतर त्यांनी टाकीच्या झाकणाला कुलूप बसवलं होतं. जाताना त्याची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता मूळ तुम्ही विचारा." डोळ्यांत पाणी आणायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि ते आलं. मिस्त्रींनी त्याचं मूळ विचारलं नाही.

तीन-चार वर्षांनी पुतणीचं पत्र आलं. ती आता शाळेत शिकवत होती. काका फार थकलेत, तुम्हाला बघायचंय म्हणतात. मी इंदूरची बस धरली आणि तिथून देवासची. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं दोन खोल्यांचं घर. दारात चपला बघूनच समजले, की वेळ थोडा आहे.

मिस्त्री खाटेवर होते. डोळे मिटलेले, ओठ घट्ट आवळलेले. उशाशी त्यांची थोरली बहीण गंगेचा गडू घेऊन बसली होती. पूर्वी घरोघर असा गडू असे, काशीहून आणलेला, तोंड डाख देऊन बंद केलेला. घरातल्या कुणाची अखेरची वेळ आली की फोडायचा. हा तर मिस्त्रींच्या वडिलांच्या वेळचा. आजच सकाळी फोडला होता.

"ताई, काका सकाळपासून तोंडच उघडत नाहीत," पुतणी रडत होती. "दातखीळ बसली की काय!"

"गंगा घेत नाही गं हा," म्हातारी कपाळ बडवत होती. "गंगेवाचून जायचं माझ्या भावानं? असं काय पाप केलं होतं त्यानं?"

मी खाटेजवळ वाकले. दातखीळ मी पुष्कळ पाहिली होती. ही दातखीळ नव्हती. हा माणूस शुद्धीवर होता आणि पाण्याचं मूळ विचारत होता.

मी गडू उचलला आणि स्वयंपाकघरात गेले. वास घेतला. मग चौपदरी फडक्यातून पाणी गाळलं आणि चुलीवर ठेवलं. म्हातारी मागोमाग आली. "अगं, गंगा कुणी उकळतं का?"

"आम्ही उकळतो, आत्या."

पाणी खळखळून उकळलं. त्यातच पळी टाकली, तीही उकळू दिली. परातीत गार पाणी घेऊन पातेलं निववलं. मग खाटेशी येऊन बसले आणि पळी त्यांच्या ओठांशी नेली. "मिस्त्री, गाळलंय. उकळलंय. पळीसुद्धा उकळलीय."

पापणी जराशी हलली, पण ओठ तसेच आवळलेले. म्हातारी पुन्हा रडू लागली. आणखी काय राहिलं? टाकी झाली, नळी झाली, आता राहिलं काय?

मग मला उमजलं, आणि माझीच मला लाज वाटली. इतकी वर्षं त्यांनी मला दुसरं शिकवलं काय होतं?

मी पळीतलं पाणी स्वतःच्या तळहातावर घेतलं आणि प्यायले.

"उष्टं केलं!" म्हातारी किंचाळली. "गंगा उष्टी केली हिनं!"

मी पळी पुन्हा भरली, त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "ठीक आहे, मिस्त्री."

त्यांनी तोंड उघडलं.